निवृत्तीला महिना उरला असताना न्यायाधीश राजीनामा का देतो?

24 एप्रिल 2017, सोमवार. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या अपील न्यायालयातले न्यायाधीश डग्लस मॅकलॉ यांनी राजीनामा दिला. तिथे त्या काळी 72 व्या वर्षी सक्तीची निवृत्ती होती आणि मॅकलॉंची निवृत्ती जेमतेम महिन्यावर आली होती. तब्येतीची तक्रार नव्हती, चौकशी नव्हती, दुसरी नोकरी लागली होती असंही नव्हतं. त्याच दिवशी गव्हर्नर रॉय कूपर यांनी रिकाम्या झालेल्या जागेवर जॉन अ‍ॅरोवुड यांना नेमूनही टाकलं. मॅकलॉ रिपब्लिकन. कूपर आणि अ‍ॅरोवुड डेमोक्रॅट.

(एक खुलासा आधीच करते. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा दिल्लीहून नेमलेला नसतो. लोक त्याला थेट मतदानानं निवडतात, म्हणजे अधिकाराच्या दृष्टीनं तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. म्हणून पुढेही ‘गव्हर्नर’ असंच लिहिते.)

झालं होतं असं. त्या न्यायालयात 15 न्यायाधीश होते. राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकनांचं बहुमत होतं आणि तीन रिपब्लिकन न्यायाधीश वयामुळे पुढच्या काही वर्षांत निवृत्त होणार होते. मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली तर ती गव्हर्नर भरतो, आणि गव्हर्नर तर विरोधी पक्षाचा. मग विधिमंडळानं सोपा उपाय काढला: जागाच कमी करा. रिकामी होईल ती भरायचीच नाही, 15 वरून 12 वर येईपर्यंत. शुक्रवारी कूपरनी या विधेयकावर नकाराधिकार वापरला. तो बुधवारी विधिमंडळ मोडून काढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तसंच झालं. पण मधल्या सोमवारी मॅकलॉंनी खुर्ची सोडली. ज्या न्यायालयात इतकी वर्षं काम केलं त्याची एक जागा आपल्या नावावर रद्द झालेली मला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याच पक्षाचा डाव त्यांनी दोन दिवस आधी खुर्ची सोडून हुकवला.

हे सगळं इथे बसून वाचताना डोकं जरा गरगरतं. आपल्याकडे हायकोर्टाचा न्यायाधीश कॉलेजियमच्या शिफारशीवरून नेमला जातो, 62 व्या वर्षी घरी जातो, आणि मत मागायला कुणाच्या दारात जात नाही. त्याचा पक्ष कोणता हे विचारणंसुद्धा आपल्याला असभ्य वाटतं. अमेरिकेचं म्हणून आपण जे ऐकतो ते बहुधा तिथल्या केंद्रीय न्यायालयांचं असतं: राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते, नेमणूक तहहयात. पण खून, चोरी, घटस्फोट, भाडेकरूचं भांडण, कामावर झालेला अपघात, असे रोजचे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात, आणि तिथे प्रत्येक राज्याचा कारभार निराळा. 1832 मध्ये मिसिसिपीनं आपले सगळे न्यायाधीश निवडणुकीनं नेमायचं ठरवलं. मग एकामागून एक राज्यं त्या वाटेनं गेली. नॉर्थ कॅरोलायनात ही पद्धत 1868 च्या राज्यघटनेनं आली. गव्हर्नर आणि आमदार आपल्या मर्जीतली माणसं न्यायासनावर बसवतात, त्यापेक्षा लोकांनीच बसवलेली बरी, असा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच वेडगळ नव्हता.

आता हे अपील न्यायालय करतं काय, ते पाहू. समजा, एका माणसावर घरफोडीचा खटला चालला, ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं, शिक्षा झाली. तो अपिलात गेला. इथे साक्षीदार पुन्हा येत नाहीत, ज्युरी नसते, नवा पुरावा चालत नाही. तीन न्यायाधीशांचं खंडपीठ खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी लिहून दिलेले युक्तिवाद वाचतं. हवं असल्यास तोंडी बाजू ऐकतं. प्रश्न असतो तो कायद्याचा: जो पुरावा आत यायला नको होता तो न्यायाधीशानं येऊ दिला का, ज्युरीला कायदा नीट समजावून सांगितला का. माणूस खोटं बोलत होता की खरं, हे ज्युरीनं ठरवलेलं सहसा हलत नाही. फाशीच्या शिक्षेचे खटले थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जातात. बाकीचं जवळपास सगळं या मधल्या पायरीवर येतं. हे न्यायालय सुरू झालं 1967 मध्ये. त्याच्या न्यायाधीशाची मुदत 8 वर्षं, आणि त्याला मतं मिळवायची ती अख्ख्या राज्यातून.

पूर्वी तिघांपैकी एकानं भिन्नमत दिलं, की हरलेल्या बाजूला वरच्या न्यायालयात जायचा हक्कच मिळायचा. 2023 मध्ये तो काढून घेतला. त्यामुळे आता बहुतेक लोकांसाठी हीच शेवटची पायरी, कारण वरचं न्यायालय आपल्या मर्जीनं मोजकेच खटले घेतं. इतकं महत्त्वाचं काम, पण यातल्या एकाही न्यायाधीशाचं नाव सामान्य मतदाराला सांगता येत नाही. आपल्याला तरी मुंबई हायकोर्टातल्या किती न्यायाधीशांची नावं येतात? फरक इतकाच, की आपल्याला त्यांच्यात निवड करायची वेळ येत नाही. राज्याची राजधानी रॉलीच्या आसपास, कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत, सॉफ्टवेअरमधली मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यातल्या नागरिकत्व घेतलेल्यांच्या हातात जी मतपत्रिका पडते ती राष्ट्राध्यक्षापासून सुरू होऊन जमीन आणि जलसंधारण मंडळाच्या पर्यवेक्षकापर्यंत जाते. न्यायाधीशांची नावं त्यात कुठेतरी मधे. उमेदवारालाही फार काही बोलता येत नाही. रस्ता करून देईन, पाणी आणीन, असं आमदार म्हणू शकतो. अमुक खटल्यात अमुक निकाल देईन, असं न्यायाधीश म्हणू शकत नाही. मग उरतं काय? अनुभवी आहे, निष्पक्ष आहे, संविधान मानतो. हे तर सगळेच म्हणतात.

म्हणून मतदार दुसरा काहीतरी आधार शोधतो: नावापुढचा पक्ष, ओळखीचं आडनाव, कधी नुसतं यादीतलं वरचं नाव. 1974 मध्ये याचा कळस झाला होता. राज्याच्या सरन्यायाधीशपदाची निवडणूक. रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एलरीटा अलेक्झांडर या अनुभवी कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश उभ्या होत्या. त्यांना हरवलं जेम्स न्यूकम यांनी. न्यूकम आग विझवण्याची नळकांडी विकत. वकिलीची सनद नव्हती, आणि सरन्यायाधीश व्हायला ती लागते असं कायद्यात कुठे लिहिलंही नव्हतं. मुख्य लढतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सूझी शार्प यांनी त्यांना प्रचंड फरकानं पाडलं आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या सरन्यायाधीशपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. न्यायाधीशाला सनद हवी, ही घटनादुरुस्ती मात्र व्हायला 1980 उजाडलं.

मॅकलॉंकडे परत येते, कारण त्यांची कारकीर्द या पद्धतीची चालतीबोलती शिकवणी आहे.

ते आधी केंद्र सरकारचे वकील होते, गुन्हेगारांवर खटले चालवणारे. 2000 मध्ये ते अपील न्यायालयावर निवडून आले. तेव्हा मतपत्रिकेवर न्यायाधीशाचा पक्ष छापत. त्यानंतर विधिमंडळानं कायदा बदलला आणि 2004 पासून पक्षाचं नाव निघालं. सोबत एक चांगली सोयही आली: जो उमेदवार खर्चाची मर्यादा पाळेल त्याला प्रचारासाठी सार्वजनिक निधी. आयकराच्या फॉर्मवर 3 डॉलरची एक खूण करायची आणि वकिलांकडून वर्षाला 50 डॉलर, अशी त्याची बेगमी. ज्या वकिलांचे खटले आपल्यासमोर येणार त्यांच्याकडेच न्यायाधीशानं देणगीसाठी हात पसरावा, ही लाजिरवाणी गोष्ट त्यानं बरीच कमी झाली. माझ्या मते या सगळ्या कहाणीत इतका शहाणपणाचा निर्णय दुसरा नाही. 2013 मध्ये तो गुंडाळला.

2008 मध्ये मॅकलॉंची 8 वर्षं भरली. समोर होत्या डेमोक्रॅट शेरी बीझली, कंबरलंड काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) खालच्या कोर्टाच्या न्यायाधीश. मॅकलॉ हरले. आठ वर्षांत त्यांनी लिहिलेल्या निकालपत्रांबद्दल कुणी काही ठरवून मत दिलं असेल, असं मला वाटत नाही. त्याच वर्षी डेमोक्रॅट ओबामांनी नॉर्थ कॅरोलायना निसटत्या मतांनी जिंकलं होतं. मतपत्रिकेवर पक्ष छापला नाही, म्हणून वारा वाहायचा थांबत नाही.

दोन वर्षांनी त्याच न्यायालयातले जिम विन हे केंद्रीय अपील न्यायालयात गेले. त्यांच्या जागेसाठी 2010 मध्ये 13 उमेदवार उभे राहिले. प्रायमरीची वेळ टळून गेली होती, म्हणून राज्यानं एक नवी पद्धत वापरली. आपल्याला ती परकी वाटणार नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितो ना, त्याच कुळातली. मतदारानं तीन पसंत्या द्यायच्या. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील, तर वरचे दोघं ठेवायचे, बाकी अकरा जणांच्या मतपत्रिका पुन्हा उघडायच्या आणि त्यावर या दोघांपैकी कुणाला दुसरी-तिसरी पसंती आहे ते मोजायचं. पहिल्या फेरीत क्रेसी थिगपेन यांना सुमारे 20 टक्के मतं, मॅकलॉंना 15. थिगपेन जवळपास एक लाख मतांनी पुढे. गव्हर्नरनं त्यांना थोड्याच महिन्यांपूर्वी त्याच जागेवर नेमलंही होतं. डिसेंबर उजाडला तरी मोजणी चालू. शेवटी मॅकलॉ साडेसहा हजारांवर थोड्या मतांनी जिंकले. शंभरातल्या पंच्याऐंशी जणांची पहिली पसंती नसलेला माणूस पुन्हा न्यायासनावर! यात गैर काही नाही, पसंतीक्रमाचा हिशोब असाच असतो. पण थिगपेन यांच्या घरी हे समजावून सांगणं सोपं गेलं नसणार.

पुढे ही पद्धतही रद्द केली. मग 2014 मध्ये आणखी एक जागा अशीच अवेळी रिकामी झाली तेव्हा काय झालं? प्रायमरी नाही, पसंतीक्रमही नाही, आणि उमेदवार 19. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी. जॉन टायसन 24 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून आले. हे टायसन लक्षात ठेवा, पुढे लागतील.

2016 मध्ये गंमत झाली. विधिमंडळानं अपील न्यायालयाच्या उमेदवारांपुढे पक्ष छापायला पुन्हा सुरुवात केली आणि गव्हर्नरच्या पक्षाचा उमेदवार आधी, असा क्रम लावला. गव्हर्नर तेव्हा रिपब्लिकन होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेवर मात्र पक्ष नव्हता, कारण तिथे विधिमंडळाचा बेत वेगळा होता: विद्यमान न्यायमूर्ती बॉब एडमंड्स यांच्यासमोर उमेदवारच नको, लोकांना फक्त ‘राहू द्या की जाऊ द्या’ एवढंच विचारायचं. काही राज्यांत ही पद्धत खरोखरच आहे. पण इथे ती घटनाबाह्य ठरली आणि एडमंड्सना सरळ लढावं लागलं. तिथे नावांचा क्रम चिठ्ठीनं ठरला. वर आले डेमोक्रॅट माइक मॉर्गन. अपील न्यायालयाच्या पाचही जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या, ट्रम्प राज्य जिंकले, आणि त्याच मतपत्रिकेवर मॉर्गन आरामात निवडून आले. सगळीकडे वरचं नाव आपल्या पक्षाचं, तर इथेही असेल, असं समजून कितीतरी रिपब्लिकन मतदारांनी मॉर्गनना मत दिलं, अशी चर्चा तेव्हापासून चालू आहे. मतदाराच्या मनात शिरून कुणाला बघता येत नाही. पण तो एक निकाल इतका उलटा का लागला याचं दुसरं पटण्यासारखं कारण मला सापडलेलं नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारांपुढेही पक्ष छापला जाऊ लागला.

मग आलं 2017 आणि सुरुवातीला सांगितलेला राजीनामा. त्याच वर्षी विधिमंडळानं आणखी एक खेळी केली: 2018 साठी न्यायाधीशांच्या प्रायमरीच रद्द. म्हणजे एका पक्षाचे कितीही जण नावापुढे पक्ष लावून उभे राहू शकतात. यातून कुणाची मतं फुटायची होती ते त्यांनाच माहीत. फुटली ती रिपब्लिकनांची. अपील न्यायालयाच्या एका जागेवर दोन रिपब्लिकन उभे: जेफरसन ग्रिफिन आणि सँड्रा रे. दोघांची मतं मिळून निम्म्याहून जास्त, पण जिंकले डेमोक्रॅट टोबायस हॅम्पसन, निम्म्याहून कमी मतांत. सर्वोच्च न्यायालयाच्या जागेवरही तेच झालं. बंडखोरामुळे अधिकृत उमेदवार पडणं महाराष्ट्राला नवं नाही. पण बंडखोरीसाठी दार स्वतःच उघडून द्यायचं म्हणजे कमाल. अ‍ॅरोवुड त्या वर्षी आपल्या जागेवर रीतसर निवडून आले. 12 न्यायाधीशांचा कायदाही 2019 मध्ये मागे घेतला गेला. पुन्हा 15.

बीझलींचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. 2012 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 2019 मध्ये कूपरनी त्यांना सरन्यायाधीश केलं. 2020 च्या निवडणुकीत त्या हरल्या, सुमारे 54 लाख मतांत 401 मतांनी. फेरमोजणी झाली, एकेका मतावर वाद झाला, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी हार मान्य केली.

त्याच 2020 मध्ये आधी पडलेले ग्रिफिन अपील न्यायालयावर निवडून आले. 2024 मध्ये ते एक पायरी वर जायला निघाले. समोर अ‍ॅलिसन रिग्ज. मतदान हक्काच्या खटल्यांमधल्या नावाजलेल्या वकील. कूपरनी त्यांना आधी अपील न्यायालयात, मग काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयात नेमलं होतं, त्याच मॉर्गन यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. 55 लाखांवर मतं पडली. रिग्ज 734 मतांनी पुढे. दोनदा फेरमोजणी होऊनही त्याच पुढे राहिल्या.

ग्रिफिननी मग 65 हजारांहून जास्त मतांवरच हरकत घेतली. त्यातली बहुतेक अशी, की मतदाराच्या नोंदणीत वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सापडत नव्हते. राज्याचा जुना फॉर्मच असा होता, की ते भरणं सक्तीचं आहे हे त्यावरून कळायचं नाही. दुसरा गट परदेशातल्या आणि लष्करातल्या मतदारांचा: त्यांनी टपाली मतासोबत फोटो ओळखपत्राची प्रत जोडली नव्हती. निवडणूक मंडळाच्या नियमानं ती जोडायची गरजच नव्हती. हरकतीच्या यादीत रिग्ज यांच्या आईवडिलांचीही नावं होती.

आणि हा खटला गेला कुठे? ग्रिफिन ज्या अपील न्यायालयात बसतात तिथेच, त्यांच्या सहकाऱ्यांपुढे. ते स्वतः अर्थातच बाजूला राहिले. 4 एप्रिल 2025 ला तिघांच्या खंडपीठानं 2 विरुद्ध 1 असा निकाल ग्रिफिनच्या बाजूनं दिला. बहुमतातले एक होते 19 उमेदवारांतून आलेले टायसन. भिन्नमत देणारे हॅम्पसन, ज्यांनी ग्रिफिनना 2018 मध्ये हरवलं होतं. कायद्याच्या नजरेनं यात नियमभंग काही नाही. पण न्यायाधीश निवडून द्यायचे ठरवलं की अशी चित्रं दिसणारच, आणि ती पाहणाऱ्याच्या मनात काय येतं हे कुठल्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं. आठवड्यानं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातली मोठा गट असलेली नोंदणीची मतं वैध धरली, परदेशातल्या आणि लष्करातल्या मतदारांना ओळखपत्र द्यायला 30 दिवसांची मुदत दिली. 5 मे ला केंद्रीय न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी सगळंच थांबवलं. खेळ संपल्यावर नियम बदलता येणार नाहीत, हा त्यांच्या निकालाचा गाभा. मायर्स यांना नेमलं होतं ट्रम्प यांनी, तहहयात. दोन दिवसांनी ग्रिफिननी माघार घेतली. मतदान होऊन सहा महिने झाले होते. रिग्जनी 13 मे ला शपथ घेतली आणि ग्रिफिन अपील न्यायालयातल्या आपल्या जागी राहिले.

एवढ्यात, डिसेंबर 2024 मध्ये, एक कायदा येऊन गेला. चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीच्या नावानं आणलेल्या लांबलचक विधेयकात, गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून. त्यातलं एक कलम असं, की अपील किंवा सर्वोच्च न्यायालयातली जागा मधेच रिकामी झाली, तर जाणारा न्यायाधीश ज्या पक्षाचा त्याच पक्षानं तीन नावं द्यायची आणि गव्हर्नरनं त्यातूनच एक उचलायचं. म्हणजे हे कलम 2017 मध्ये असतं आणि मॅकलॉंनी तसाच सोमवार गाठून राजीनामा दिला असता, तर गव्हर्नर कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या टेबलावर तीन रिपब्लिकन नावांचा कागद आला असता.